क्रमांकाने शोधावे की नावाने?



आळंदीत उभे राहून कॉम्प्युटरमधल्या ‘ॲरे’ आणि ‘डिक्शनरी’ यांच्याबद्दल बोलायचे, हे काहींना विचित्र वाटेल. पण हा विषय जेवढा कॉम्प्युटरचा आहे, तेवढाच ज्ञानेश्वरीचा, गाथेचा आणि तलाठ्याच्या दप्तराचाही आहे. माणसाने खूप काही साठवून ठेवले की एक प्रश्न पडतोच. हवे ते परत काढायचे कसे? या प्रश्नाला आपल्या परंपरेने दोन उत्तरे दिली. कॉम्प्युटरनेही तीच दोन दिली. तेव्हा आज आपण या दोन रीतींचा इतिहास बघू.

कोणी विचारले की अमुक ओवी कुठे आहे, तर एक जण सांगेल, अठराव्या अध्यायात सतराशे चौऱ्याण्णवच्या आसपास बघा. दुसरा सांगेल, पसायदानाची पहिली ओवी ती. दोघांनी एकच ओवी दाखवली. पण पहिल्याने जागा सांगितली, दुसऱ्याने नाव. जागेने शोधणे म्हणजे ॲरे. नावाने शोधणे म्हणजे डिक्शनरी, किंवा आजची मुले म्हणतात ते ‘की-व्हॅल्यू’. ‘की’ म्हणजे हातातली खूण आणि ‘व्हॅल्यू’ म्हणजे त्या खुणेने मिळणारी गोष्ट.

देवळाबाहेरचे चप्पल स्टँड बघा. तुम्ही चप्पल देता, तो बिल्ला देतो. बिल्ल्यावर ४७. परत आल्यावर तो शोधत बसत नाही. सत्तेचाळीस हीच कप्प्याची जागा, हात थेट तिथे जातो. कप्पे पन्नास असोत की पाच हजार, शोधण्याचे कष्ट तेवढेच. पण त्या ४७ चा तुमच्या चपलेशी काही संबंध नाही. तासाभराने तोच बिल्ला दुसऱ्याच्या हातात असतो.

आता वारीतली समाज आरती आठवा. मुक्कामी पोहोचल्यावर दिंड्या एकत्र उभ्या राहतात, चोपदार दंड उंचावतात, टाळ-मृदंग थांबतात आणि हरवल्या-सापडल्याची माहिती सांगितली जाते. तिथे हरवलेले माणूस नुसत्या ‘तुकाराम’ या नावाने शोधून चालत नाही, कारण तुकाराम शेकडो. म्हणून नावाला गाव जोडायचे, गावाला तालुका आणि शेवटी दिंडी. माउलींच्या रथापुढे २७ दिंड्या चालतात, रथामागच्या दिंड्यांनाही क्रमांक आहेत. त्यामुळे ‘रथापुढे’ की ‘रथामागे’ हेही सांगावे लागते, नाहीतर एकाच क्रमांकाच्या दोन दिंड्या निघतात. म्हणजे नाव अपुरे पडले की त्याला जागा जोडायची, आणि जागा अपुरी पडली की तिला नाव. पुढे हेच पुन्हा पुन्हा दिसेल.

आता थोडे मागे जाऊ. लिहिलेले पुस्तक हातात नसताना वैदिकांनी काय केले? ऋग्वेदाला दोन पत्ते दिले. एक मंडल, सूक्त, ऋचा असा. दहा मंडले, १०२८ सूक्ते. दुसरा अष्टक, अध्याय, वर्ग असा. आठ अष्टके, प्रत्येकात आठ अध्याय, म्हणजे एकूण ६४. हा दुसरा पत्ता अध्ययनाच्या सोयीचा, रोजचा पाठ बेताने वाटून घेण्यासाठी. दोन्ही पत्ते क्रमाचेच.

पण यज्ञात मंत्र सांगायची वेळ आली की श्रौतसूत्रे क्रमांक सांगत नाहीत. ती मंत्राचे सुरुवातीचे शब्द सांगतात. याला ‘प्रतीक’ म्हणतात. आश्वलायनाने तर प्रतीकाच्या लांबीलाच अर्थ दिला. पूर्ण चरण दिला असेल तर ती एक ऋचा समजायची, सूक्ताच्या आरंभीच्या चरणाचा तुकडाच दिला असेल तर सगळे सूक्त, चरणाहून जास्त दिले असेल तर तीन ऋचा. नेमकी डिक्शनरी झाली ही. आणि त्यातला एक संकेत आम्हाला फार महत्त्वाचा वाटतो. मंत्र आपल्या शाखेचा असेल तर प्रतीक पुरते, दुसऱ्या शाखेचा असेल तर तो पूर्ण सांगायचा. कारण काय? खूण तेव्हाच उपयोगी पडते, जेव्हा सांगणाऱ्याच्या आणि ऐकणाऱ्याच्या जवळ तोच साठा असतो. साठा वेगळा असेल तर किल्ली असून कुलूप नाही.

कात्यायनाची सर्वानुक्रमणी घ्या. सूक्ताचे प्रतीक, त्यापुढे ऋचा किती, ऋषी कोण, देवता कोणती, छंद कोणता. आजच्या प्रोग्रामरला हे दाखवले तर तो म्हणेल, हे तर आमचे रेकॉर्ड. प्रतीक ही की, बाकीचे सगळे व्हॅल्यू.

याच्या अगदी उलट टोकाला पाणिनी. अष्टाध्यायीत जवळपास चार हजार सूत्रे, आठ अध्याय, प्रत्येकाचे चार पाद. इथे क्रम हा नुसता पत्ता नाही, क्रमालाच अर्थ आहे. आधीच्या सूत्रातला शब्द पुढच्या सूत्रांत न सांगता चालू राहतो, त्याला अनुवृत्ती म्हणतात. दोन सारख्या बळाच्या नियमांचा विरोध आला तर नंतरचा नियम लागू होतो. ही सूत्रे अकारविल्हे लावली तर शब्द सगळे राहतील आणि व्याकरण नाहीसे होईल. प्रत्याहारही तसेच. ‘अच्’ म्हटले की सगळे स्वर, ‘हल्’ म्हटले की सगळी व्यंजने. इथपासून तिथपर्यंत असे एका झटक्यात सांगता येते, कारण वर्ण ठरलेल्या रांगेत उभे आहेत. डिक्शनरीला ‘इथपासून तिथपर्यंत’ हा प्रश्न विचारता येत नाही. तिला एक नाव द्या, ती एक वस्तू देईल.

पारायणाला बसलेल्या माणसाचेही हेच. सात दिवसांत ज्ञानेश्वरी पूर्ण करायची तर आजचा टप्पा इथून इथपर्यंत. आधीची ओवी, पुढची ओवी. त्याला शब्दसूची देऊन काही उपयोग नाही, त्याला रांग हवी. याउलट कीर्तनकाराला मध्येच प्रमाण हवे असते. तो अभंगाचे पहिले दोन शब्द उच्चारतो आणि मागचे टाळकरी चरण उचलतात. कोणी क्रमांक विचारत नाही. १९१७ साली विष्णुबुवा जोगांनी याच आळंदीत वारकरी शिक्षण संस्था काढली. अशा शिक्षणातून तयार झालेल्या पाठांतरवाल्या माणसाच्या डोक्यात दोन्ही साठे असतात. क्रमाने म्हणायला सांगा, तो म्हणेल. पहिला शब्द द्या, तिथूनही उचलेल.

मग अडचण कुठे आली? अडचण आली छापखान्यात.

ज्ञानेश्वरी नेवाशाला शके १२१२ मध्ये, म्हणजे १२९० साली सांगितली गेली. पुढे जवळजवळ तीनशे वर्षे तिच्या प्रती हाताने लिहिल्या गेल्या, त्यात पाठभेद शिरले. १५८४ मध्ये एकनाथांनी तिचे शुद्धीकरण केले. बाळशास्त्री जांभेकरांनी १८४५ मध्ये ती पहिल्यांदा छापून काढली. १९०९ मध्ये इतिहासाचार्य राजवाड्यांनी एका जुन्या पोथीवरून आपली प्रत प्रसिद्ध केली. या सगळ्या प्रतींत ओव्यांची संख्या एक नाही. नऊ हजारांच्या आसपास, पण एका प्रतीत एखादी ओवी जास्त, दुसरीत ती नाही. आणि एक ओवी कमी झाली की त्या अध्यायातल्या तिच्या पुढच्या प्रत्येक ओवीचा क्रमांक एकाने सरकतो. म्हणून पसायदानाचा क्रमांक सांगताना आम्ही ‘आसपास’ म्हटले. तुमच्या घरातली प्रत आणि शेजाऱ्याची प्रत जुळेलच असे नाही.

गाथेत हे आणखी जाणवते. १८६९ ते १८७३ या काळात पंडितांनी इंदुप्रकाश छापखान्यातून दोन खंडांत गाथा काढली, पुढे जोग महाराजांची आली, देहूची आली, शासनाची आली. अभंगांची संख्या वेगळी आणि रचनेचा क्रमही वेगळा. एका गाथेतला क्रमांक दुसऱ्या गाथेत लावला तर शेजारचाही अभंग मिळत नाही, भलताच मिळतो. म्हणून गाथेच्या शेवटी अकारविल्हे अनुक्रमणिका असते आणि खरे वाचक आधी ती उघडतात.

गीतेसारख्या लहान ग्रंथातही हे टळले नाही. तेराव्या अध्यायाच्या सुरुवातीला अर्जुनाचा एक प्रश्न काही प्रतींत आहे, काहींत नाही. जिथे तो धरला तिथे गीतेचे श्लोक ७०१, जिथे नाही तिथे ७००. फरक एका श्लोकाचा. पण त्या एका श्लोकाने पूर्ण तेरावा अध्याय सरकतो. शरीराला क्षेत्र म्हणणारा श्लोक एका पुस्तकात पहिला, दुसऱ्यात दुसरा. परीक्षेत, प्रवचनात, लेखाच्या तळटीपेत ‘१३-२’ लिहिले, तर नेमके काय म्हणायचे आहे?

याबाबत आपल्या शास्त्रात एक फार जुने उदाहरण आहे, पतंजलीच्या महाभाष्यातही ते येते. देवदत्ताचे घर कोणते, असे कोणी विचारले. दुसऱ्याने सांगितले, तो कावळा बसलाय ना, ते. उत्तर त्या क्षणी बरोबर आहे. विचारणाऱ्याला घर सापडते. पण कावळा उडून गेला तर? घर जिथल्या तिथे आहे, खूण गेली. अशा खुणेला उपलक्षण म्हणतात, वेदान्तात तटस्थ लक्षण. वस्तूपासून वेगळी असलेली, वस्तू तात्पुरती दाखवून देणारी खूण. ओवीचा क्रमांक हा त्या घरावरचा कावळा आहे. तो ओवीचा गुण नाही. तिच्या आधी किती ओव्या उभ्या आहेत, एवढेच तो सांगतो. पुढच्या रांगेतला एक जण उठला की हिचा क्रमांक बदलला, हिच्यात काहीही न बदलता. ओवीचे शब्द मात्र तिचे स्वतःचे आहेत.

आम्हाला आज जे सांगायचे आहे त्याचा गाभा हाच. जागा म्हणजे ओळख नव्हे. जागेने वस्तू झटकन सापडते, म्हणून जागा वापरावी. पण जागेलाच वस्तूचे नाव समजू नये.

पुण्यात याचा मोठा दाखला आहे. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने महाभारताची चिकित्सित आवृत्ती १९१९ मध्ये हाती घेतली आणि १९६६ मध्ये संपवली. सत्तेचाळीस वर्षे. शेकडो हस्तलिखिते ताडून जे श्लोक मागाहून आले असे ठरले, ते तळटीपांत आणि परिशिष्टांत गेले. संपादनाच्या दृष्टीने हे योग्यच होते, पण क्रमांक सगळे हलले. गीता भीष्मपर्वात येते. प्रचलित प्रतीत ती २५ व्या अध्यायापासून ४२ व्या अध्यायापर्यंत आहे. चिकित्सित आवृत्तीत २३ पासून ४० पर्यंत. आधीच्या शंभर वर्षांतल्या विद्वानांनी आपल्या ग्रंथांत दिलेले मुंबई प्रतीचे, कलकत्ता प्रतीचे क्रमांक नव्या आवृत्तीत लागेनात. मग उपाय काय केला? डॉ. प. ल. वैद्य यांनी प्रतीक-सूची केली. श्लोकाचे सुरुवातीचे शब्द अकारविल्हे लावले आणि पुढे नव्या आवृत्तीतला पत्ता दिला. सहा खंड, १९६७ ते १९७२. आश्वलायनाची युक्ती अडीच हजार वर्षांनी, म्हणा ना, पुन्हा कामाला आली.

युरोपातही असेच झाले, फक्त क्रम उलटा. बायबलला आज आपण बघतो ते अध्याय तेराव्या शतकाच्या सुरुवातीचे, स्टीफन लँग्टनच्या नावावर आहेत. वाक्यांना क्रमांक तेव्हा नव्हते. तरी १२३० च्या दशकात पॅरिसमध्ये ह्यू ऑफ सेंट-शेर याच्या देखरेखीखाली डॉमिनिकन साधूंनी बायबलची शब्दसूची केली. म्हणजे ज्ञानेश्वरांच्या आधी साठेक वर्षे. वाक्य-क्रमांक नसताना शब्द कुठे आहे हे सांगायचे कसे? त्यांनी प्रत्येक अध्यायाचे मनानेच सात भाग केले, ए पासून जी पर्यंत, आणि शब्दापुढे ग्रंथ, अध्याय आणि ते अक्षर दिले. वाक्यांचे क्रमांक रोबेर एस्तिएन याने १५५१ मध्ये दिले, तब्बल तीनशे वर्षांनी. यातून काय दिसते? शब्दसूची नुसत्या शब्दांवर उभी राहत नाही. शब्दापुढे शेवटी कुठलातरी पत्ता लिहावाच लागतो. की ने जी व्हॅल्यू मिळते, ती बऱ्याचदा ॲरेतली जागाच असते.

तेव्हा नावाचा पक्ष जिंकला असे घाईने समजू नका. नावाचीही किंमत मोजावी लागते.

पहिली किंमत लेखनाची. जुन्या मराठीत अनुस्वार कुठे द्यायचा, ऱ्हस्व की दीर्घ, हे प्रतीप्रतीत बदलते. ‘आता’ वर अनुस्वार आहे की नाही, यावर सूचीतली जागा बदलते. माणूस समजून घेतो, यंत्र घेत नाही. यंत्राच्या दृष्टीने अनुस्वार असलेला शब्द आणि नसलेला शब्द या दोन वेगळ्या किल्ल्या. त्यामुळे आधी सगळ्या किल्ल्या एका मापाच्या करून घ्याव्या लागतात.

दुसरी किंमत मेहनतीची. डेक्कन कॉलेजात संस्कृत कोशाचे काम १९४८ मध्ये डॉ. कत्रे यांनी सुरू केले. सुमारे पंधराशे ग्रंथांतून शब्द काढले, एकेका चिठ्ठीवर लिहिले, चिठ्ठ्या एक कोटीच्या घरात गेल्या आणि त्या अकारविल्हे कपाटांत लावल्या. ही मेहनत का करायची? कारण लावलेल्या रांगेत शोधणे फार सोपे होते. मधोमध उघडायचे, शब्द अलीकडे की पलीकडे ते बघायचे, निम्मी रांग सोडून द्यायची, उरलेल्या निम्म्याच्या पुन्हा मधोमध जायचे. साडेचार हजार अभंग असतील तर जास्तीत जास्त तेरा वेळा बघावे लागेल. नऊ हजार ओव्यांना चौदा वेळा. आणि एक कोटी चिठ्ठ्यांना फक्त चोवीस वेळा. हे रांग लावलेली असेल तर. नसेल तर एक कोटी वेळा.

पण चोवीस वेळाही बघायला नको असेल तर? नाव ऐकले की थेट जागाच कळली तर? ही कल्पनाही आपल्याकडे आहे. कटपयादी पद्धत. क, ट, प, य म्हणजे एक; ख, ठ, फ, र म्हणजे दोन; असे अक्षराला अंक दिलेले. कर्नाटक संगीतात ७२ मेळकर्ते आहेत आणि त्यांची नावे अशी ठेवली आहेत की पहिल्या दोन अक्षरांवरून मेळाचा क्रमांक काढता येतो. धीरशंकराभरण घ्या. ‘ध’ म्हणजे ९, ‘र’ म्हणजे २. अंक उलटे वाचायचे, २९. एकोणतिसावा मेळ. मेचकल्याणी, ‘म’ ५, ‘च’ ६, उलटे वाचून ६५. यादी चाळली नाही, मधोमध उघडली नाही. नावावर गणित केले आणि जागा हातात आली.

कॉम्प्युटरमधली डिक्शनरी हेच करते. १९५३ मध्ये आयबीएममधल्या हान्स पीटर लून याने एका अंतर्गत टिपणात ही युक्ती मांडली, तिला पुढे ‘हॅशिंग’ नाव पडले. की मधल्या अक्षरांवर गणित करायचे, आकडा काढायचे आणि त्या आकड्याच्या कप्प्यात वस्तू ठेवायची. म्हणजे बाहेरून डिक्शनरी, आत बघाल तर ॲरेच. फरक एवढा की मेळकर्त्यांची नावे ठरवून ठेवली होती, म्हणून दोघांचा एक आकडा येत नाही. जगातली नावे कोणी ठरवून ठेवलेली नसतात. दोन नावांचा एकच आकडा निघतो, दोघे एकाच कप्प्यात येतात, तेव्हा आत पुन्हा बघावे लागते. वारीतल्या तुकारामांसारखे.

ॲरे मात्र पहिल्यापासून यंत्राच्या स्वभावाला धरून आहे. यंत्राची स्मृती म्हणजे कप्प्यांची रांगच. सुरुवातीचा पत्ता घ्या, क्रमांक गुणिले एका कप्प्याची लांबी त्यात मिळवा, पोहोचलात. १९५७ च्या फोरट्रान भाषेत ॲरे होते, डिक्शनरी नव्हती. १९७७ मध्ये बेल लॅबमध्ये ‘ऑक’ ही भाषा आली, तिने कप्प्याला आकड्याऐवजी शब्द लावायची मुभा दिली. आजच्या पायथॉनमध्ये २०१८ च्या ३.७ आवृत्तीपासून डिक्शनरी आपल्यात वस्तू ज्या क्रमाने घातल्या तो क्रमही लक्षात ठेवते, अशी हमीच आहे. नावाने शोधणाऱ्यालाही शेवटी रांग हवीशी वाटली.

हे सगळे ग्रंथांचे आणि यंत्रांचे झाले. आता जिथे माणसांचे नफा-नुकसान होते तिकडे येऊ. जमिनीकडे.

आपला खेड तालुका. आळंदी यात, चाकणही यात. गेल्या काही दशकांत कारखान्यांसाठी, रस्त्यांसाठी, घरांसाठी इथल्या जमिनी गेल्या, विकल्या, वाटल्या गेल्या. ज्याच्या घरात जमिनीचा प्रश्न निघाला नाही, असे घर इथे विरळा. आणि प्रश्न निघाला की पहिले काम उतारा शोधणे.

१८३६ च्या सुमारास इंदापूर तालुक्यात गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी जमिनीची नवी मोजणी सुरू केली, १८४७ च्या जॉइंट रिपोर्टाने तिचे नियम पक्के केले. शेताला सर्व्हे नंबर मिळाला. सर्व्हे नंबर म्हणजे जागेने शोधणे. मालक बदलला, मेला, विकून गेला, तरी नंबर तोच. गाव नमुना सात या नंबरावर उभा आहे, बारा नंबरच्या नमुन्यात पीकपाणी, म्हणून सात-बारा. नंबर द्या, धनी कोण ते कळेल. पण माणूस नाव घेऊन आला आणि म्हणाला, माझ्या आजोबांची या गावात काय काय जमीन होती? तर सात-बारा मुका. त्यासाठी गाव नमुना आठ-अ. तो खातेदाराच्या नावाने चालतो, नावापुढे त्याचे सगळे गट. सात-बारा म्हणजे जागेवरून माणूस, आठ-अ म्हणजे माणसावरून जागा. दोन्ही दप्तरे एकाच कपाटात आणि दोन्ही लागतात.

जागेचा कावळा इथेही उडाला. १९४७ च्या तुकडेबंदी व एकत्रीकरण कायद्याखाली गावोगाव एकत्रीकरण योजना झाल्या, तुकडे जोडून गट केले आणि गट नंबर आले. जुन्या खरेदीखतात सर्व्हे नंबर, नव्या सात-बारावर गट नंबर. दोन्हींचा मेळ दाखवणारा तक्ता सापडला नाही तर आजोबांचा कागद खरा असूनही आज काही सांगत नाही. आम्ही मघाशी गाथेच्या दोन आवृत्त्यांबद्दल बोललो, ते हेच आहे. फरक एवढाच की तिथे अभंग चुकतो, इथे वाटणी चुकते.

आणि नावाची किल्ली? ती तर आणखी नाजूक. एका फेरफारात ‘रामा’, दुसऱ्यात ‘रामचंद्र’, तिसऱ्यात ‘रामभाऊ’. माणूस एक, यंत्राला तीन. आणि बायकांचे बघा. मुलीचे नाव वडिलांच्या वारसात लागते ते माहेरच्या नावाने. लग्न झाले, आडनाव बदलले, मधले नाव बदलले आणि पूर्वी पुष्कळ घरांत पहिले नावही बदलत. मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत जन्मतः हक्क महाराष्ट्राने १९९४ मध्ये दिला, देशाने २००५ मध्ये. कायद्याने हक्क दिला, पण दप्तर नावाच्या किल्लीवर चालते आणि आपण तिची किल्लीच बदलून टाकली. मग ती मी आणि ही मी एकच, हे सिद्ध करण्यासाठी तिने प्रतिज्ञापत्र करायचे, फेऱ्या मारायच्या. भावाला यातले काही करावे लागत नाही, कारण त्याची किल्ली जन्मापासून तीच. दप्तराची रचना कोणाच्या सोयीची निघते, हा तांत्रिक प्रश्न नाही. तो न्यायाचा प्रश्न आहे.

चाकणच्या कारखान्यांत हे दोन्ही धागे बरोबर विणलेले दिसतात. गाडी जुळणीच्या लाइनवर असते तेव्हा रांग महत्त्वाची. पुढची गाडी कोणत्या रंगाची, तिला कोणती सीट, हे रांगेवरून ठरते, सुटे भागही त्याच क्रमाने येतात. मध्ये एक गाडी सरकली तर मागच्या सगळ्यांचे भाग चुकतील. पण गाडी लाइनवरून उतरली की तिचा रांगेतला नंबर संपला. पुढे जन्मभर ती सतरा अक्षर-अंकांच्या चासी नंबराने ओळखली जाते. स्टोअरमध्येही तसेच. वस्तू ठेवली आहे रॅक आणि खान्याच्या नंबरावर, मागितली जाते पार्ट नंबराने आणि मध्ये एक तक्ता, या पार्टचा खाना अमुक. खाना बदलला तर तक्त्यातली एक ओळ बदलायची. पार्ट नंबर बदलायचा नाही.

तेव्हा निवड कशी करायची? आम्ही चार प्रश्न सुचवतो.

पहिला, शोधायला येणाऱ्याच्या हातात काय आहे? बिल्ला असेल तर ॲरे, नाव असेल तर डिक्शनरी. साठवणाऱ्याच्या सोयीवरून हे ठरवू नका. दुसरा, क्रमाला स्वतःचा अर्थ आहे का? पारायण, सूत्रपाठ, जुळणीची लाइन, दिंड्यांचा मान, इथे रांग मोडून चालणार नाही. तिसरा, मधेच भर पडणार आहे का, मधले काही गळणार आहे का? तसे असेल तर क्रमांक बाहेर कोणाला ओळख म्हणून देऊ नका, तो कावळा आहे. आणि चौथा, यादी केवढी आहे? गीतेच्या अठरा अध्यायांची किंवा सत्तावीस दिंड्यांची यादी असेल तर एक-एक बघत गेले तरी क्षणात होते, त्यासाठी सूचीचा डोलारा उभारण्याचे कारण नाही.

या परिसरातली पुष्कळ तरुण मुले आज गाथा, ज्ञानेश्वरी, हरिपाठ मोबाइलवर आणायच्या कामात आहेत. चांगले काम आहे. त्यांच्यासाठी एवढेच सांगू. ओवीचा क्रमांक जरूर द्या, पण त्याच्याबरोबर प्रतीचे नाव द्या, नुसता क्रमांक पन्नास वर्षांनी वाचणाऱ्याला फसवील. ओवीचे सुरुवातीचे शब्द किल्ली म्हणून ठेवा, लेखनातले फरक सांभाळून. आणि रांगही जपा, कारण तुमच्या मोबाइलवर कोणी शोधायला येईल तसे कोणी पारायणालाही बसेल. दोघांसाठी एकच ग्रंथ आहे. आणि तुमच्यापैकी जे तलाठी कार्यालयाचे किंवा बँकेचे सॉफ्टवेअर लिहीत असतील त्यांनी तक्ता मांडताना त्या बाईचा विचार करावा, जिचे नाव लग्नात बदलले. तिची नोंद तिला सापडली पाहिजे, माहेरच्या नावानेही आणि सासरच्या नावानेही.

वेळ झाली आहे, प्रश्न असतील ते घेऊ. रामकृष्ण हरी.